उंबरवाडीची दुसरी जागा

काकासाहेब कधी एकटे येत नसत. त्या दिवशी एकटेच आले, तेव्हाच बद्रीनाथ ढवळे यांच्या लक्षात आलं की माणूस काहीतरी मागायला आला आहे, आणि जे मागायचं ते चारचौघांत मागण्यासारखं नाही.

फेब्रुवारी महिना होता. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या खोलीत तीन टेबलं होती आणि माणसं दोनच. एक बद्रीनाथ. ते शिक्षण विस्तार अधिकारी. वरची गटशिक्षणाधिकाऱ्याची जागा दोन वर्षांपासून रिकामी होती, म्हणून तिचाही कार्यभार त्यांच्याकडेच. विस्तार अधिकारी म्हणून ते टिपणी लिहीत आणि गटशिक्षणाधिकारी म्हणून तिच्यावर सही करत. सुरुवातीला याचं त्यांना हसू यायचं. घरी सांगायचे, आज मीच मला परवानगी नाकारली. आता हसूही येत नव्हतं, आणि घरी सांगायला कोणी नव्हतं.

दुसरा माणूस तातेराव साळवे. तातेराव खरं म्हणजे शिक्षक. पगार गावातल्या एका शाळेच्या नावावर निघायचा, पण सहा वर्षांपासून त्यांना ‘कामगिरीवर’ म्हणून कचेरीत बसवलं होतं. कचेरीला कारकून मिळत नव्हता, म्हणून शिक्षकच कारकून झाला होता. तालुक्यातल्या सगळ्या शाळा, त्यांचा पट, कुठं कोण रजेवर, हे तातेरावांना तोंडपाठ. ते एक दिवस आले नाहीत तर जालन्याला जाणारी माहिती अडून राहायची.

काकासाहेब जिल्हा परिषदेचे सदस्य होते आणि शिक्षण समितीवरही होते. खुर्ची ओढून बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“चहा नको, ढवळे साहेब. आत्ताच घेऊन आलो.”

तातेराव तरीही चहा सांगायला उठले. काकासाहेबांनी ते दाराबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली.

“उंबरवाडीच्या शाळेला दोन जागा हायेत. बराबर?”

“हो.”

“एकीवर सर्जेराव गुरुजी हायेत. आन् दुसरी...” काकासाहेब थांबले. भर बैठकीत मोठ्या साहेबांना फैलावर घेणारा हा माणूस, पण इथं त्यांचा शब्द अडला. “दुसरी मोकळी हाय.”

ती जागा मोकळी का आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. त्या जागेवर द्वारकाबाई होत्या. अकरा वर्षं त्यांनी उंबरवाडीत पहिली-दुसरी शिकवली. गेल्या श्रावणात त्यांना कावीळ झाली आणि पोळ्याच्या आत त्या गेल्या. द्वारकाबाई बद्रीनाथांची बायको.

“माझ्या गावाला औंदा पाचवी सुरू केली,” काकासाहेब सांगू लागले. “खोली हाय, पोरं हायेत, मास्तर न्हाई. पोरं पाचवीत बसून चौथीचंच पुस्तक वाचून राह्यलेत. लोक मला रस्त्यात धरतेत. आन् तिकडं उंबरवाडीहून इतक्या महिन्यांत एक अर्ज न्हाई, एक माणूस न्हाई. ज्याला गरज हाय तो वरडतोच ना? पुढच्या महिन्यात जालन्याला समितीची बैठक हाय. मी विषय मांडतो. तुम्ही फक्त अभिप्राय द्या, जागा हलवायला हरकत न्हाई म्हणून. दोन वळी.”

त्यांचं बोलणं कचेरीच्या रीतीला धरूनच होतं. शिक्षक कमी आणि रिकाम्या जागा जास्त, त्यामुळे ज्या गावाचा आवाज मोठा त्याला शिक्षक आधी. कोणी शाळेला कुलूप ठोकायचं. कोणी पोरांना ट्रॅक्टरमध्ये घालून आणायचं आणि पंचायत समितीच्या पटांगणातच शाळा भरवायची. मग धावपळ व्हायची, फोन व्हायचे, कुणाला तरी उचलून तिथं पाठवलं जायचं. ज्या गावाची तक्रार नाही त्या गावाला अडचण नाही, असं कचेरी धरून चालायची. दिवाळीनंतर नवे शिक्षक मिळाले तेव्हाही उंबरवाडीचं नाव पुढं आलं नव्हतं. बद्रीनाथांनी ते मागं पडू दिलं होतं. मुद्दाम नाही. यादी करताना त्या नावाशी आलं की ते पान उलटायचे.

आता काकासाहेब बोलत होते आणि बद्रीनाथांना एक गोष्ट कळत होती. जागाच हलली तर त्या शाळेत द्वारकाबाईंच्या जागी कुणीच येणार नाही. कुणाचं तरी नाव तिथं लिहायची वेळ येणार नाही. हे मनात आलं तेव्हा त्यांना हलकं वाटलं. फार दिवसांनी काहीतरी सोपं समोर आलं होतं.

“बघून देतो,” ते म्हणाले.

“जल्दी बघा. जालन्याचं काम हाय.”

काकासाहेब गेल्यावर तातेराव चहाचे दोन कप घेऊन उभे राहिले. एक त्यांनी साहेबांच्या पुढं ठेवला, दुसऱ्याचं काय करावं म्हणून पाहत राहिले आणि शेवटी स्वतःच प्यायले.

“अभिप्राय टाइप करू का, साहेब?”

“करा.”

तातेरावांनी मशीनमध्ये कागद चढवला. “समक्ष पाहणी केली, असं लिहावं लागतं. तारीख कोणती टाकू?”

असे अभिप्राय बद्रीनाथांनी पूर्वीही दिले होते. सगळ्याच शाळांवर जायला जीप नसायची, वेळ नसायचा. खुर्चीत बसून पाहणी व्हायची. द्वारकाबाई त्यावरून त्यांना घरी फार बोलायच्या. “आज कुठली कुठली गावं पाहिली, खिडकीतून?” असं जेवायला वाढताना विचारायच्या. स्वतः तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र शाळा सारवून घ्यायच्या, नवरा येणार असला तरी.

“राहू द्या,” बद्रीनाथ म्हणाले. “उद्या जाऊन येतो.”

तातेरावांनी मान वर केली. पोळ्यापासून साहेब उंबरवाडीला गेले नव्हते. “मी येऊ का संगं?”

“नको.”

एसटी फाट्यावर सोडायची. तिथून गाडीवाट. दोन्हीकडं ज्वारी उभी होती, कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला आल्या होत्या. या वाटेनं द्वारकाबाई रोज जायच्या, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. बद्रीनाथ कचेरीच्या जीपनं वर्षातून दोनदा गेलेले. पायी चालताना त्यांना दम लागला. एवढं लांब आहे हे तिनं कधी म्हटलं नव्हतं. किंवा म्हटलं असेल, आपणच ऐकलं नसेल.

शाळा दोन खोल्यांची. वरून पत्रे, पुढं ओसरी. पहिल्या खोलीत सर्जेराव गुरुजी तिसरी-चौथीला घेऊन बसले होते. आवाज पार बसलेला. ओसरीवर पहिली-दुसरीची पोरं होती, आणि चौथीतली एक पोरगी हातात छडी घेऊन त्यांच्याकडून पाढे म्हणून घेत होती. अर्धी पोरं तिच्याकडं पाहत होती, अर्धी समोर उन्हात लोळणाऱ्या कुत्र्याकडं.

साहेब दिसताच सर्जेराव लगबगीनं बाहेर आले. शर्टाची बाही खडूनं पांढरी झालेली. “या साहेब. कळवलं न्हाई. पाणी आण गं.”

“ही पोरं उन्हात का?”

“आता येईल सावली.”

“दुसरी खोली आहे ना?”

दुसऱ्या खोलीला कुलूप होतं. पितळी, जुनं. कुलपावर धूळ बसलेली.

“ती बाईंची खोली,” सर्जेराव खालच्या आवाजात म्हणाले.

तोवर गावात बातमी गेलीच होती. आधी रखमाजी आले, ग्राम शिक्षण समितीचे अध्यक्ष. म्हातारा माणूस, डोक्याला पटका. त्यांच्या मागं सगुणाबाई आल्या. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य, बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले होते. दोघंही ओसरीवर टेकले. रामराम झाला.

“खोलीला कुलूप का आहे, आबा?” बद्रीनाथांनी विचारलं.

रखमाजींनी जमिनीकडं पाहिलं. “चावी बाईंच्या पिशवीत राह्यली साहेब. पिशवी तुमच्या घरी.”

“मग मागायची ना. निरोप धाडायचा.”

“कशी मागायची? भेटायला आल्तो आम्ही समदे, तिसऱ्या दिवशी. तुम्ही भिंतीला टेकून बसल्याले. तवा म्हणावं का, साहेब, चावी द्या?”

“त्याच्यानंतर?”

“नंतर म्हणलं, वर्षश्राद्ध होऊ द्यावं. त्याच्या आधी त्या खोलीत दुसरं कोणी बसवणं बराबर न्हाई. गावानं बसून ठरवलं तसं.”

“गावानं न्हाई,” सगुणाबाई म्हणाल्या. “बाप्यांनी ठरवलं.”

“सगुणाबाई, गप.”

“गप काऊन? साहेब पुसून राह्यलेत तं सांगते.” त्या बद्रीनाथांकडं वळल्या. “माही नात पहिलीत बसवली, बाई होत्या तवा. क ख ग शिकली. मंग बाई गेल्या. आता पोरगी ख विसरली. परवा म्हणती, आजे, मी कापूस येचायला येते, शाळेत नुसतं बसावं लागतं. नेली मी तिला. माझ्या हातानं नेली. अशा लई पोरी नेल्या लोकांनी.”

“गुरुजी एकटे, त्यांना दोष न्हाई,” रखमाजी मध्येच म्हणाले.

“गुरुजीला कोण म्हणतंय? गुरुजी मरून राह्यला बिचारा. मी म्हणलं आबाला, चला साहेबाकडं, मास्तर मागू. तं आबा म्हणे, ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्याच दारात जाऊन म्हणायचं का, तुमच्या बायकोच्या जागी दुसरी द्या? लाज न्हाई का म्हणे गावाला?” सगुणाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. “म्या म्हणलं, साहेब बायकोचा नवरा हाय, पण साहेब बी हाय ना.”

ओसरीवरच्या पोरांचे पाढे थांबले होते. सगळी इकडंच पाहत होती.

बद्रीनाथांना राग येत होता, पण कुणाचा ते कळेना. इतके दिवस उंबरवाडीचं कोणी दारात आलं नाही याचं त्यांना बरंच वाटलं होतं. गावानं त्यांचा मान राखला, त्यांनी गावाची आठवण टाळली, आणि मध्ये ही पोरं उन्हात बसली. सगळे चांगलंच वागले होते.

“दगड द्या एक,” ते म्हणाले.

“काय?”

“दगड. कुलूप फोडायचंय.”

“घरून चावी आणा साहेब, उद्या धाडा कोणाकडं,” रखमाजी गडबडीनं उठले. “फोडायचं कशाला? बाईंचं कुलूप हाय.”

“कुलूप जिल्हा परिषदेचं आहे, आबा.”

कोणी दगड देईना. शेवटी बद्रीनाथांनी स्वतःच चुलीच्या कडेचा दगड उचलला. त्या चुलीवर पोरांची खिचडी शिजायची. पहिला घाव हुकला, बोटं सोलली. सर्जेराव पुढं झाले, तसं त्यांनी हातानं त्यांना थांबवलं. पाच-सहा घाव घातले तेव्हा कडी निघाली, कुलूप तसंच राहिलं. ते कडीला लोंबत राहिलं.

आत उंदरांनी तक्ते कुरतडले होते. फळ्यावर तिच्या हातचं अक्षर होतं. वार, तारीख, आणि त्याखाली ‘म’ची चार-पाच सोपी वाक्यं. बद्रीनाथ फार वेळ उभे राहिले नाहीत. “झाडून घ्या,” ते म्हणाले. “फळाही पुसा. आजपासून पोरं आत बसू द्या.”

पोरं दारात घोटाळली. चौथीतल्या पोरीनं फडकं घेतलं आणि सगुणाबाईंकडं पाहिलं.

“पूस गं,” सगुणाबाई म्हणाल्या. “साहेबानं सांगितलं ना.”

निघताना त्या फाट्याच्या वाटेपर्यंत सोबत आल्या. “बसायचं झालं साहेब. शिकवणार कोण?”

बद्रीनाथांनी त्यांना काकासाहेबांचं सांगितलं. पुढच्या महिन्यात ही जागाच जाईल म्हणाले. सगुणाबाई वाटेत उभ्या राहिल्या.

“मंग तुम्ही कशाला आल्ते? जागा घेऊन जायला?”

“त्यासाठीच आलो होतो,” बद्रीनाथ म्हणाले. खोटं बोलायलाही जोर लागतो, आणि तेवढा त्यांच्यात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जालन्याला फोन लावला. तिथल्या शिक्षणाधिकारी साहेबांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण सगळ्या जिल्ह्याचं रडगाणं त्यांच्याच कानात जायचं. ते म्हणाले, जूनपर्यंत माझ्याकडे एकही शिक्षक नाही. उंबरवाडी ठेवायची असेल तर बैठकीच्या दिवशी तिथं माणूस काम करताना दाखवा. काम करणाऱ्याला उठवा असं समिती म्हणणार नाही. रिकामी जागा मात्र मी धरून ठेवू शकत नाही.

“माणूस कुठून आणू?”

“ते तुम्ही बघा, ढवळे. तालुका तुमच्याकडे आहे.”

फोन ठेवला तेव्हा तातेराव समोर डबा उघडत होते. जेवणाची सुट्टी झाली होती. द्वारकाबाई गेल्यापासून तातेरावांची बायको कांताबाई दोन डबे भरायच्या. साहेबांनी सुरुवातीला नको म्हणून पाहिलं, पण कांताबाईंनी निरोप पाठवला होता, तुमच्या भाकरी थापायला मला वेगळा तवा लागत नाही. तेव्हापासून दुपारचा डबा आणि संध्याकाळच्याही दोन भाकरी त्यातच. ते जेवण बद्रीनाथांना लागायचं, एवढंच नाही. घास घेताना समोर कोणीतरी असायचं.

“आज मेथी हाय,” तातेराव म्हणाले. “घ्या साहेब.”

बद्रीनाथांनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली. तालुक्यातल्या सगळ्या शाळा ते मनात फिरून आले. या शाळेतून एक काढावा तर तिथं वर्ग उघडा पडतो. त्या शाळेत तीन आहेत पण एक बाळंतपणाच्या रजेवर. सगळीकडं पांघरूण तोकडंच होतं. एकच माणूस असा होता की ज्याला उचललं तर कुठल्याही पोराचं नुकसान होत नव्हतं. तो समोर बसून लोणच्याची फोड चोखत होता.

“तातेराव, तुम्ही शेवटचं शिकवलं कधी?”

तातेरावांनी फोड डब्याच्या झाकणात ठेवली. कचेरीत सहा वर्षं काढलेल्या माणसाला असा प्रश्न का विचारतात ते लगेच कळतं.

“साहेब, नका हो.”

“कचेरीतली कामगिरी रद्द करतो. उंबरवाडीला कामगिरीवर पाठवतो. तेवढा अधिकार आहे मला.”

“अधिकार हाय, माहीत हाय. मीच टाइप करतो ते आदेश.” तातेरावांनी तोंड पुसलं. “मार्चचे तक्ते कोण करणार? पगारपत्रकं? तुम्हाला तर गोषवारा काढता येत न्हाई, साहेब. रागावू नका.”

“येत नाही.”

“फाट्यापासून किती चालावं लागतं तिथं. माझ्याकडं फटफटी न्हाई. आईच्या डोळ्यांचं आपरेशन आत्ताच झालं.”

“द्वारका चालत जायची.”

हे बोलायला नको होतं असं बद्रीनाथांना लगेच वाटलं. तातेरावांनी झाकणातली फोड बोटानं बाजूला सारली.

“खरं सांगू का,” थोड्या वेळानं तातेराव म्हणाले, “मला भेव वाटतं. मला आता पोरं शिकवता यायची न्हाईत. पोरगं म्हणजे काय ते मी इसरून गेलो. मला फक्त पट ठाऊक हाय. मुलं इतकी, मुली इतक्या, एकूण इतकी.”

“मलाही येत नाही शिकवायला आता. काल त्या खोलीत उभा होतो. पोरं माझ्याकडं पाहत होती. मला एक शब्द सुचला नाही.”

“आन् तुमचं कसं व्हायचं, साहेब? डब्याचं? एकटे बसाल इथं दिवसभर.”

रात्रंदिवस याच प्रश्नापासून ते पळत होते आणि तातेरावांनी तो मेथीच्या भाजीसारखा समोर ठेवला होता. त्यांनी हातातली भाकरी खाल्ली. सावकाश, सगळी.

“आदेश तुम्हीच टाइप करा,” मग ते म्हणाले. “मला ती मशीन चालवता येत नाही.”

तातेरावांनी हात धुतले, कागद चढवला. नावाच्या जागी स्वतःचं नाव मारताना त्यांचं एक अक्षर चुकलं, ते त्यांनी खोडून पुन्हा मारलं. मजकुरात लिहायचं होतं की श्रीमती द्वारकाबाई बद्रीनाथ ढवळे यांच्या निधनाने रिक्त झालेल्या पदावर. तिथं ते थांबले आणि विचारलं, “निधनाने असं घालू, का नुसतं रिक्त?”

“निधनाने घाला.”

बद्रीनाथांनी सही केली. एक विस्तार अधिकारी म्हणून, एक गटशिक्षणाधिकारी म्हणून.

पहिले आठ-दहा दिवस उंबरवाडीहून काय काय ऐकू आलं. नवे गुरुजी पोरांना ‘अनुक्रमांक एक’ म्हणून हाका मारतात म्हणे. मग ऐकू आलं की त्यांनी कापसात गेलेल्या पोरींच्या घरी जाऊन आया-आज्यांशी भांडण काढलं. सगुणाबाईंशीही. माहिती गोळा करायची सहा वर्षांची सवय, गुरुजी घराघरात जाऊन विचारत होते की तुमची पोरगी पटावर आहे तर वर्गात का नाही. त्या पोरींतल्या बऱ्याच परत आल्या. इकडं कचेरीत मार्चचे तक्ते चुकले, जालन्याहून खरमरीत पत्र आलं. बद्रीनाथांनी ते पुन्हा केले, पुन्हा चुकले. दुपारी ते स्टँडवरच्या हॉटेलात जायचे, नाहीतर जायचे नाहीत.

बैठकीच्या दिवशी जालन्याच्या सभागृहात त्यांना मागच्या रांगेत बसवलं होतं. विषय आला तेव्हा काकासाहेब उभे राहिले. उंबरवाडीची जागा पोळ्यापासून विनावापर आहे, ती गरजेच्या ठिकाणी हलवावी, असं त्यांनी मांडलं. सभापतींनी तालुक्याचा अभिप्राय विचारला.

बद्रीनाथ उठले. “जागा रिकामी नाही, साहेब. तिथं शिक्षक काम करतोय.”

काकासाहेबांनी वळून पाहिलं. “कोण?”

“तातेराव साळवे.”

त्या जागेशी दुसरं नाव पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघालं होतं. काही झालं नाही. लेखनिकानं ते लिहून घेतलं आणि पंख्याखाली उडणाऱ्या कागदावर पेपरवेट ठेवला.

“म्हणजे कचेरीतला तातेराव?” काकासाहेबांचा आवाज चढला. “आन् माझ्या पाचवीचं काय? तिथली पोरं पोरं न्हाईत का? माझ्या गावाला दुसरा तातेराव दाखवा!”

“नाही दुसरा,” बद्रीनाथ म्हणाले.

“मंग उत्तर काय देऊ मी गावाला?”

सभापतींनी जूनमध्ये नवीन शिक्षक आल्यास प्राधान्यानं विचार करावा असं सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय शाळांवरच्या पत्र्यांचा होता.

बाहेर बद्रीनाथ स्टँडकडं चालू लागले. मागून जीप येऊन थांबली. काकासाहेबांनी दार उघडलं. “बसा. एका वाटेनंच जायचंय.”

मोसंबीचे मळे गेले, कापसाची जिनिंग गेली. एका ठिकाणी ड्रायव्हरनं टायर पाहायला गाडी थांबवली, तेव्हा काकासाहेबांनी दोन उसाचे रस सांगितले आणि पैसेही स्वतःच दिले. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला नव्हता. तो त्यांनी रस पिता पिताही तसाच ठेवला होता.

तालुक्याच्या गावात शिरताना दिवस मावळत होता. बद्रीनाथ म्हणाले, “कोपऱ्यावर सोडा.”

“घराशी घे रे,” काकासाहेब ड्रायव्हरला म्हणाले. घराशी गाडी थांबली तसे तेही खाली उतरले. टोपी नीट केली. “येऊ का आत?”

बद्रीनाथांनी कडी काढली. दिवा लावला. सतरंजी अंथरायला गेले, तर काकासाहेब आधीच भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

“मी आल्तोच न्हाई भेटायला,” ते म्हणाले. “समदा तालुका येऊन गेला. मी कोपऱ्यापर्यंत येऊन परत गेल्तो एकदा. ज्या दिवशी बाई गेल्याचं कळलं त्याच दिवशी माझ्या डोक्यात आल्तं, उंबरवाडीची जागा मोकळी झाली. काय करता? गाव मागं लागल्यालं. मंग असा डोळा ठेवून भेटायला कसं यावं माणसानं?”

बद्रीनाथांनी तांब्या-फुलपात्र पुढं केलं. काकासाहेब पाणी प्यायले.

“कशानं गेल्या?”

“कावीळ. आधी अंगावर काढलं. सुट्टी घेतली तर पोरं उघडी पडतात म्हणायची. मग दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता.”

“हं.”

“मी म्हटलं होतं, रजा टाक. मी मंजूर करतो. ती म्हणाली, मंजूर कराल, पण पाठवाल कोणाला?”

भेटायला आलेल्या इतक्या माणसांपुढं त्यांनी हे सांगितलं नव्हतं. काकासाहेबांनी समजूत घातली नाही. बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली त्याचा वास आत आला.

मग काकासाहेब गुडघ्यावर हात ठेवून उठले. दुखवट्याला भेटायला आलेला माणूस जाताना ‘येतो’ म्हणत नाही. नुसता उठतो आणि निघतो. काकासाहेबही तसेच उठले, चपला घातल्या, पायरी उतरले. तिथं थांबले. एकदा जीपकडं पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या बद्रीनाथांकडं.

“म्हणू नये,” ते म्हणाले. “पण पाचवीचं लागून राह्यलंय माझं. सोमवारी येतो मी कचेरीत.”

“या,” बद्रीनाथ म्हणाले.